डेकाटेंच्या गेटसमोरची जागा

डेकाटे काका भर रस्त्यात खुर्ची टाकून बसले होते आणि उठायला तयार नव्हते. त्यांच्यासमोर एक पांढरी जीप हॉर्न वाजवत उभी. जीपच्या मागे दोन ऑटो, ऑटोंच्या मागे औषधांची व्हॅन आणि व्हॅनच्या मागे अडकलेली मी. काकांनी तोंडासमोर पेपर धरला होता. वाचत काही नव्हते. अख्खी गल्ली आपल्या नावानं ओरडत असताना कुणाचं वाचन होतं?

मी गाडीतून उतरून पुढे गेले आणि रस्ता अडवणं गुन्हा आहे, असं त्यांना सांगितलं.

"हाव, मालूम आहे," पेपर खाली न करता ते म्हणाले. "मी रस्ता अडवून नाई राहिलो, जागा धरून राहिलो. पोरगी माह्या बायकोले थेरपीले घेऊन गेली. थ्या दोघी वापस येतपर्यंत मी इथून हलत नाई. तुमी कोण?"

मी कोण हे सांगताना जरा जीभ अडखळली. त्याच गल्लीच्या पार्किंगचा प्लॅन करायला मी आले होते.

मी ट्रॅफिक इंजिनिअर आहे आणि एका खासगी कन्सल्टन्सीत नोकरी करते. माझ्या सासूबाई अजूनही पाहुण्यांना सांगतात की सून पोलिसात आहे. मी आता दुरुस्त करणं सोडलंय. प्रत्यक्षात माझं काम म्हणजे उन्हात उभं राहून गाड्या मोजणं आणि मग एसीत बसून त्या कुठं उभ्या राहाव्यात हे ठरवणं. दुसरं काम सोपं असतं, कारण तिथं गाड्या नसतात.

धंतोली नागपूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. हा जुना, सावलीचा, बंगल्यांचा मोहल्ला होता. आता एकाला लागून एक दवाखाने आहेत. हाड मोडो, किडनी बिघडो की मेंदूत गाठ निघो, विदर्भातला माणूस इथंच येतो. त्यामुळे गल्लीत उभं राहून नंबर प्लेट वाचल्या तरी जिल्ह्यांची उजळणी होते: अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, वर्धा. मधल्या मधे ज्यांची घरं आहेत, ते मात्र स्वतःच्या दारात पाहुण्यासारखे वावरतात.

गल्लीतल्या प्रत्येक गेटवर घरगुती पाट्या होत्या. 'गेटसमोर गाडी लावू नये.' 'गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.' एका पाटीवर नुसतंच 'कुत्रा चावतो' असं होतं आणि त्या घरात कुत्रा नव्हता. नियम काय आहे ते इथंच सांगून टाकते. घरासमोरचा रस्ता घरमालकाचा नसतो, तो सगळ्यांचा असतो. कुणाचं गेट अडवणं चूक, पण गेटच्या बाजूला, भिंतीलगत, बंदी नसेल तर कुणीही गाडी लावू शकतो. हे ऐकवलं की लोकांना राग येतो. टॅक्स आम्ही भरतो आणि जागा गावाची, असं ते म्हणतात. यावर जगभर काढलेला तोडगा म्हणजे रेसिडेंट पार्किंग. रस्त्यावर पट्टे मारायचे, काही चौकोन रहिवाशांसाठी राखून ठेवायचे आणि त्यांच्या गाड्यांना स्टिकर द्यायचे. या चौकोनाला आम्ही 'बे' म्हणतो. ही गल्ली आमचा पायलट, म्हणजे करून पाहण्याचा पहिला प्रयोग होती.

तेवढ्यात समोरून काकांची गाडी आली. काकांनी खुर्ची उचलली, जीपवाल्याला हात जोडून दोन मिनिटं थांबायला लावलं आणि मग मी जे पाहिलं ते कुठल्याही सर्व्हेत येत नाही. त्यांची मुलगी नीलिमा गाडी लावून उतरली. बापलेकीनं मिळून काकूंना बाहेर काढलं. एका बाजूनं शरीर लुळं, हातात वॉकर. गाडीपासून गेटपर्यंत चार पावलांचं अंतर होतं आणि तेवढ्यानंही काकूंच्या कपाळावर घाम आला. गेटात पोचल्यावर त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि "चहा घेऊन जाजा," म्हणाल्या. मला त्या बाई तेव्हाच आवडल्या.

चहा घेताना सगळं कळलं. काका कोराडीच्या वीज केंद्रातून शिफ्ट इन्चार्ज म्हणून रिटायर झालेले. वडिलांच्या प्लॉटचे भावाभावांत तुकडे पडले, तेव्हा आत गाडी लावायची जागा जिन्याखाली गेली. काकूंना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं, की थेरपीत खंड पडला नाही तर बाई आधाराशिवाय चालेल, आणि पडला तर पाय आखडेल तो आखडेलच. ऑटोत त्यांना चढता येत नव्हतं. गाडी लांब लावली तर तेवढं चालवत नव्हतं. भिंतीलगत गाड्या इतक्या चिकटून लागायच्या की त्यांच्यामधून वॉकर निघायचा नाही. म्हणून काका खुर्ची टाकून बसायचे. थेरपीच्या दिवशी मुलगी आईला घेऊन जायची आणि नवरा रस्त्यावर जागा राखायचा. बायको तिथं कशी चालते, किती पावलं टाकते, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

नीलिमाचं मत वेगळं होतं. घर विकावं आणि बेसा किंवा मनीषनगरकडे लिफ्ट आणि पार्किंग असलेला फ्लॅट घ्यावा. ती बँकेत होती. थेरपीच्या दिवशी उशिरा जायची सवलत साहेबानं दिली होती, पण ती किती दिवस पुरणार? काकूंना घर सोडायचं नव्हतं. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण फ्लॅटचा विषय निघाला की त्या चहाचा कप बशीत ठेवून द्यायच्या.

आम्ही सर्व्हे केला. पार्किंग सर्व्हे म्हणजे ठरावीक वेळानं गल्लीतून फेरी मारायची आणि कुठली गाडी कुठं उभी आहे ते टिपायचं. त्यातून एक गाडी एका जागेवर किती वेळ थांबते ते कळतं. ओपीडीवाले, म्हणजे नुसते डॉक्टरला दाखवून जाणारे, येतात आणि जातात. त्यांचा त्रास नव्हता. त्रास होता हलतच नसलेल्या गाड्यांचा. जीप, बोलेरो, मॅजिक. पेशंट भरती झाला की त्याच्यासोबत आलेली गाडी त्याचा डिस्चार्ज होईपर्यंत तिथंच. चाकांखाली पानं साचायची.

आमचे डायरेक्टर पाठक सर यांनी शीट पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. प्रश्न सोपा आहे, म्हणाले. लाँग स्टे गाड्या उचला आणि पलीकडच्या मैदानात न्या. मैदान मोकळं आहे आणि तिथं पार्किंगला पैसेही पडत नाहीत. इकडे पट्टे मारा, स्टिकर वाटा आणि ऐकलं नाही तर क्रेन बोलवा.

मलाही तेच पटलं. आम्ही पट्टे मारले. डेकाटेंच्या गेटला लागून एक बे आखला आणि त्यावर व्हीलचेअरची खूण काढली. मैदानाकडे बाण दाखवणारे बोर्ड लावले. काकांनी स्टिकर स्वतः काचेवर चिकटवला आणि त्यावरून अंगठा फिरवून बुडबुडे काढले. पहिल्या काही दिवसांत जीपा खरंच मैदानात गेल्या. गल्ली रुंद झाल्यासारखी वाटायला लागली. पाठक सरांनी फोटो काढून क्लायंटला, म्हणजे महापालिकेला, पाठवले.

मग जीपा परत यायला लागल्या. आधी एक, मग दुसरी. क्रेन यायची, गाडी उचलायची. गाडीवाला दंड भरायचा आणि फिरून गल्लीतच यायचा. मला हे कळेना. जवळ मैदान आहे, सावलीला झाडं आहेत, पैसे लागत नाहीत. तरी माणूस दंड भरून इथंच का येतो? आमच्या धंद्यात अशा वेळी 'पब्लिकला शिस्त नाही' असं म्हणायची पद्धत आहे. तेवढं म्हटलं की विचार करावा लागत नाही. मीही म्हटलं.

त्या आठवड्यात व्हायचं ते झालं. आता पट्टे आहेत आणि गाडीला स्टिकर आहे, म्हणून त्या दिवशी काका खुर्ची न टाकता घरात जेवायला बसले. नीलिमा आईला घेऊन परतली तेव्हा बेमध्ये जीप उभी होती आणि आत कुणी नव्हतं. पुढे-मागे कुठंच जागा नाही. मागे गाड्या तुंबल्या. शेवटी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून, दवाखान्यातल्या दोघा वॉर्डबॉयना बोलावून, काकूंना खुर्चीत बसवून उचलून आणावं लागलं. भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर. ओपीडीच्या रांगेतले लोक बाजूला होऊन वाट करून देत होते. काकूंनी पदरानं तोंड झाकून घेतलं होतं.

त्यानंतर काकूंनी थेरपीला जायचं बंद केलं. नीलिमानं समजावलं, काका रागावले, फिजिओथेरपिस्टचा फोन आला. काकूंचं एकच उत्तर होतं. मी गेले तेव्हा त्यांनी मलाही तेच सांगितलं.

"मॅडम, मी काही सामान नाई ना. उचलून आणाले."

मला राग आला होता. त्या जीपवाल्याचा, क्रेनवाल्याचा, पाठक सरांच्या फोटोंचा. काकांनी ब्रोकरला घर दाखवायला सुरुवात केल्याचं नीलिमानं फोनवर सांगितलं, तेव्हा तो राग आणखी वाढला. पाय आखडत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच व्हायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी क्रेनच्याही आधी गल्लीत पोचले. म्हटलं, आज एकेकाला पाहते. आणि पाहते तर काय, डेकाटेंच्या बेमध्ये संत्र्याच्या क्रेटचे वळ उमटलेली एक धुळीनं माखलेली जीप, स्टिअरिंगवर दुसऱ्या एका जीपचा ड्रायव्हर, आणि स्वतः डेकाटे काका त्याला हात दाखवून ती मागे घ्यायला लावताहेत. काकू आता कुठं जात नसल्यामुळे नीलिमा गाडी बँकेत न्यायची, तेव्हा बे दिवसभर रिकामा असायचा.

मी विचारलं, "काका, तुम्हीच? तुमच्याच जागेत?"

"क्रेन येऊन राहिली होती," काका म्हणाले. "घरचा माणूस ऑपरेशनले आत आहे यांचा. आता काहून उचलू द्याव त्यांची गाडी?"

ज्या माणसानं भर रस्त्यात बसून अख्खी गल्ली अडवली होती, तोच हे म्हणत होता. मी रागावणार होते, तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं.

आत घर होतं. दुसरा शब्द नाही. एका बाजूला गाद्यांची वळकटी. सीटखाली पाण्याची कॅन, स्टोव्ह, पिठाचा डबा. काचेच्या आतून दोरी बांधून त्यावर टॉवेल आणि परकर वाळत घातलेले. आणि या सगळ्याच्या मधे तिशीची एक बाई एक्स-रेची मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. तिचं नाव सुमन, नरखेड तालुक्यातली. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि सोबत सासू आली होती.

मी तिला विचारलं की ताई, पलीकडे मैदान आहे, पैसे लागत नाहीत, तिथं गाडी का नाही लावत? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच काही अजब बोलले असावे.

"गाडी तिकडं नेली त मी बसू कुठी, ताई? दवाखान्यात एकाच माणसाले राहू देतात. मी वर असली का सासू खाली, सासू वर असली का मी खाली. कधी बोलावतीन, कोणती दवाई आणाले सांगतीन, नेम नाई. मैदानातून धावत येऊ का?" मग म्हणाली, "दिराची गाडी आहे हे. तिकडं संत्र्याची तोड चालू आहे. तो रोज फोन करते, गाडी पाठव म्हणते. पाठवतो कशी? सामान डोक्यावर घेऊन उभी राहू?"

मी तिथंच जीपच्या पायरीवर बसले. ही गाडी गल्लीतल्या लोकांना नको होती. दवाखान्याला नको होती. मला नको होती. आणि खुद्द गाडीच्या मालकालाही ती इथं नको होती, त्याचा माल तिकडे झाडावर होता. तरी ती हलत नव्हती, कारण ती पार्क केलेली गाडीच नव्हती. ती खोली होती, चाकांवरची. आणि मी तिला मैदानात न्यायला निघाले होते.

मी त्या दिवशी बाकीच्या जीपांमध्येही डोकावले. कुठं बाळाचा पाळणा बांधलेला, कुठं म्हातारा झोपलेला, एका मॅजिकमध्ये देवाचा फोटो आणि उदबत्ती. प्रत्येकाचं गाव वेगळं, उत्तर तेच.

ऑफिसात जाऊन मी पाठक सरांना सांगितलं की आपल्याला पार्किंगची जागा नको, माणसं बसायची जागा हवी.

"वैशाली, आपण पार्किंगचे कन्सल्टंट आहोत. धर्मशाळेचे नाही."

"सर, क्रेन लावून पाहिली ना?"

"मग अजून एक क्रेन मागू."

"ती पण दमेल, सर."

सर चिडले की चष्मा पुसतात. पुसून झाल्यावर म्हणाले की जे लिहायचं ते लिही, पण रिपोर्टमध्ये धर्मशाळा हा शब्द दिसता कामा नये. मी 'अटेंडंट वेटिंग फॅसिलिटी' असं लिहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं शिकले आहे. काम तेच असतं, इंग्रजी नाव दिलं की फाईल सरकते.

जागा शोधायला लांब जावं लागलं नाही. गल्लीतच गणेशोत्सव मंडळाचा हॉल होता. खाली फरशी, नळ, संडास, पंखे, सगळं. वर्षातून गणपतीचे दिवस सोडले तर त्याला कुलूप. किल्ली मंडळाकडे आणि मंडळाचे अध्यक्ष आळीपाळीनं गल्लीतलेच कुणीतरी.

आधी सुमनचा नवरा भरती होता त्या दवाखान्याच्या मॅनेजरला गाठलं. तरुण माणूस होता, नम्र, आणि नाही म्हणण्यात तरबेज. आमचं काम ट्रीटमेंट आहे, नातेवाइकांचं आम्ही काय करणार, असं त्याचं चाललं होतं. मी वाद घातला नाही. त्याला खिडकीशी नेलं. खाली त्याच्याच दवाखान्याची अँब्युलन्स दोन जीपांच्या मधे अडकून मागे-पुढे करत होती. मग त्यानं विचारलं की सामान ठेवायला रॅक लागतील का आणि सफाईला माणूस लागेल का? लागेल, मी म्हटलं. आणि पेशंटच्या नावाचा पुकारा हॉलमध्ये ऐकू येईल असा एक स्पीकरही लागेल. दवाई आणायला बोलावलं तर खाली बसलेल्या सुमनला कळायला हवं.

खरी लढाई मंडळाच्या मीटिंगमध्ये झाली. मी तिथं पाहुणी होते, म्हणून कोपऱ्यात बसले. लोक वाईट नव्हते, त्रासलेले होते. आज सतरंजी टाकतील, उद्या चुली मांडतील, परवा हॉल आपला राहणार नाही, असं एक जण म्हणाला आणि बऱ्याच माना हलल्या. दुसऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं की आम्ही पार्किंग मागितलं होतं, या बाईंनी आमचा हॉलच घेतला, हे काय आहे? प्रश्न चुकीचा नव्हता. मी उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात डेकाटे काका उठले. घर विकणाऱ्या माणसाचं लोक जरा जास्त लक्ष देऊन ऐकतात.

"चुली आत्ताच मांडून आहेत गा," काका म्हणाले. "तुह्या भिंतीशी, माह्या भिंतीशी. हे लोक जाणार नाई. त्यांचा माणूस आत आहे, थे कुठी जातीन? त्यायले बसाले जागा द्या, मंग पाहा गाडी थांबते का. नाई गेली त हॉलले माह्या हातानं कुलूप लावतो."

हॉल कोण सांभाळणार, असा प्रश्न आला. काकांनी तिथल्या तिथं शिफ्ट लावल्या. सकाळची कुणाची, दुपारची कुणाची, रिलीव्हर कोण. आयुष्यभर बॉयलर चालू ठेवलेल्या माणसाला एक हॉल चालू ठेवणं काय अवघड? मंडळानं प्रयोगापुरती परवानगी दिली. कुरकुर झाली, पण किल्ली मिळाली.

हॉल उघडला त्या सकाळी सुमन आणि तिची सासू सगळ्यात आधी आल्या. वळकटी, स्टोव्ह, कॅन, पिठाचा डबा, सगळं रॅकवर लागलं. स्टोव्ह पेटवायचा तो मागच्या पडवीतच, हा काकांचा नियम. सुमननं पंख्याखाली सतरंजी टाकली आणि आडवी झाली. किती दिवसांनी पाय लांब केले असतील कोण जाणे. तिचा दीर एसटीनं आला, जीपमध्ये बसला आणि निघाला. मैदानाकडे वळला नाही, सरळ नरखेडकडे गेला.

मी हे धरलंच नव्हतं. माझ्या प्लॅनमध्ये जीपा गल्लीतून मैदानात जाणार होत्या. पण बहुतेक जीपा मैदानात थांबल्याच नाहीत, गावी गेल्या. कुणाची तोड होती, कुणाचं भाडं होतं, कुणाची शेजाऱ्याकडून मागून आणलेली. डिस्चार्जच्या दिवशी फोन केला की येणार. पाठक सरांनी मैदानात काढलेल्या फोटोंत बकऱ्या जास्त आणि गाड्या कमी दिसत होत्या. त्यांनी ते फोटो क्लायंटला पाठवले नाहीत.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. हॉलच्या नळावरून भांडणं झाली. एकदा रॅकवरच्या चपला बदलल्या गेल्या आणि दोन गावं आमनेसामने आली. ओपीडीवाले अजूनही घाईत कुणाच्या तरी गेटला गाडी टेकवतात. पण चाकांखाली पानं साचायची थांबली आणि डेकाटेंच्या गेटसमोरचा बे रिकामा राहायला लागला.

काकूंचा विश्वास बसत नव्हता. काका सांगायचे, नीलिमा सांगायची. काकू खिडकीत बसून स्वतः पाहायच्या. सकाळी नीलिमा गाडी घेऊन गेली की काकूंचा पहारा सुरू. दुपारी जागा रिकामी, संध्याकाळी रिकामी. मी आफ्टर-स्टडीला, म्हणजे बदल केल्यानंतरच्या सर्व्हेला गेले, तेव्हा त्यांनी मला खिडकीशी बोलावलं.

"हे पट्टे पावसात पुसून त नाई जाणार?"

"नाही काकू. साधा रंग नाही तो. वितळवून ओततात, घट्ट बसतो."

"अन् तुमी गेल्यावर? कोणी पाहाले नसलं तरी?"

मी म्हटलं, काकू, मी तर केव्हाच गेले होते. इतके दिवस पाहायला कुणीच नव्हतं, तुम्ही सोडून. त्या हसल्या. अर्धाच चेहरा हसला, पण हसल्या. ब्रोकरचं कार्ड फ्रिजवर चुंबकाखाली होतं. ते नीलिमानं माझ्यासमोर काढलं आणि कचऱ्यात टाकलं. काकूंनी हातातला चहाचा कप संपवला.

पुढच्या थेरपीच्या दिवशी मी मुद्दाम सर्व्हे त्याच गल्लीत लावला. ऑफिसला सांगितलं की पीक अवर तपासायचा आहे. खोटं नव्हतं, पूर्ण खरंही नव्हतं. काकू वॉकर घेऊन गेटातून बाहेर आल्या. नीलिमानं मागचं दार उघडलं. काकांनी गेटला कडी लावली आणि इकडे-तिकडे पाहत उभे राहिले. काय करावं ते त्यांना सुचेना. इतके महिने या वेळी त्यांना एकच काम होतं.

काकूंनी आतून हाक मारली. "चाला ना. बसा."

काका पुढच्या सीटवर बसले. गाडी गेली आणि बे रिकामा झाला. भर ओपीडीची वेळ होती. एक मोटारसायकलवाला थांबला, खूण वाचली आणि पुढे गेला. एक कार हळू झाली. हॉलसमोर बसलेल्या दोन बायकांनी तिला हातानं पुढे जायला सांगितलं. काका-काकू परत येईपर्यंत मी हातात शीट घेऊन तिथंच उभी राहिले. माझ्या कामाचा भाग नव्हता तरी.

गाडी परतली तेव्हा काका आधी उतरले आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "मॅडम, जिना चढली ना ते तिथं. तीन पायऱ्या. मले मालूमच नव्हतं." डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला आणि नाक शिंकरल्यासारखं केलं. मला पण रुमाल लागला. आणला नव्हता, शीट होती.

संध्याकाळी पाठक सरांनी ती चुरगळलेली शीट पाहिली आणि एका चौकोनावर पेन ठेवलं. पीक अवरला हा बे रिकामा आहे. जागा वाया जातेय. या वेळेपुरती ती दुसऱ्या कुणाला देता येईल का?

"नाही, सर."

"कारण?"

"डेकाटे काकू बाहेर गेल्या होत्या."

सरांनी चष्मा पुसला. रिमार्कच्या रकान्यात तसं लिही, म्हणाले. लिहिलं. पार्किंगचा हिशेब सांगतो की रिकामी जागा म्हणजे चुकलेला प्लॅन. आता मी प्रत्येक प्लॅनमध्ये अशा एक-दोन चुका मुद्दाम ठेवते आणि दर मीटिंगला त्याबद्दल बोलणी खाते.